लहान स्केटर पुढे वेगवान होतो, तो कशामुळे?

अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्यात ओकाला नावाचं गाव आहे. घोड्यांच्या पैदाशीसाठी प्रसिद्ध आणि हवेला उबदार. तिथली तळी गोठायचा प्रश्नच येत नाही. तरीही २०२२ च्या बीजिंग हिवाळी ऑलिम्पिकला अमेरिकेने बर्फावरच्या स्पीड स्केटिंगचा जो संघ पाठवला, त्यात या एकट्या गावचे तिघे होते: एरिन जॅक्सन, ब्रिटनी बो आणि जोई मँटिया. तिघेही पदक घेऊन परतले. एरिनने तर ५०० मीटरचं सुवर्ण जिंकलं. तिघेही लहानपणी इनलाइन स्केट्सवर, म्हणजे एका ओळीत चाकं असलेल्या स्केट्सवर शिकलेले. आणि तिघांची सुरुवातीची प्रशिक्षक एकच, रेने हिल्डब्रँड.

स्केटर घडतो कसा, हे समजून घ्यायला ओकालासारखं दुसरं उदाहरण नाही. कारण बर्फ, हिवाळी परंपरा, सरकारी अकादमी हे सगळं वजा केल्यावरही तिथे काहीतरी उरलं, आणि ते पदकापर्यंत पोचायला पुरलं. आपल्याकडे पहाटे मोकळ्या रस्त्यावर किंवा सोसायटीच्या पार्किंगमध्ये मुलांना स्केट्स घालून उतरवणाऱ्या आईबाबांना त्यात रस असायला हवा.

आधी हा खेळ नेमका काय मागतो ते बघू. धावणारा माणूस पाय मागे रेटतो आणि पुढे जातो. स्केटरला ते जमत नाही. पाय सरळ मागे रेटला तर चाक किंवा बर्फाच्या स्केटचं पातं नुसतं घरंगळतं, त्याला पकड मिळत नाही. म्हणून ढकलायचं ते बाजूला. डावा पाय डावीकडे, उजवा उजवीकडे, आणि शरीर हलक्या नागमोडी वाटेने पुढे. फायदा असा, की पाय रेटला जात असतानाही पातं पुढे घसरतच असतं, थांबत नाही. त्यामुळेच स्केटर धावपटूला सहज मागे टाकतो. २०१९ मध्ये रशियाच्या पावेल कुलिझनिकोव्हने सॉल्ट लेक सिटीत बर्फावर ५०० मीटर ३३.६१ सेकंदांत पार केले. सरासरी काढली तर ताशी ५३ किलोमीटरच्या वर, आणि तीही उभ्याने सुरुवात धरून.

या वेगाला खरा अडसर हवेचा. बर्फावर स्केटरला जो एकूण विरोध होतो, त्यातला ८० टक्क्यांच्या आसपास हवेचा असतो. पातं आणि बर्फ यांच्यातलं घर्षण उरलेलं. शिवाय वेग दुप्पट झाला की हवेचा विरोध चौपट होतो. म्हणून स्केटर कमरेत वाकून, गुडघे दुमडून बसतो. खाली बसल्याने दोन गोष्टी साधतात. हवेला अंग कमी दिसतं, आणि दुमडलेला पाय सरळ करायला जास्त लांबी मिळत असल्यामुळे रेटाही लांब होतो.

पण याच बैठकीत एक मेख आहे. इतकं खाली बसलं की मांडीचे स्नायू सतत आवळलेले राहतात आणि त्यांना रक्त कमी पोचतं. मांड्या पेटतात म्हणतात, ते यामुळे. मोठ्या खेळाडूलाही शेवटच्या लॅपमध्ये बैठक टिकवणं जड जातं, तिथे नऊ-दहा वर्षांच्या पोराची काय कथा! रिंकच्या कडेला उभं राहिलं की ‘खाली बस, अजून खाली!’ हा पुकारा हमखास ऐकू येतो. सांगणाऱ्याचं चुकत नाही, पण ताकद नसताना पूर्ण लॅप खाली बसायला लावलं, तर मूल गुडघ्यात न वाकता पाठीत वाकतं. बाहेरून बघणाऱ्याला बैठक झाल्यासारखी वाटते आणि रेटा मात्र संपलेला असतो. त्यापेक्षा पन्नास मीटर नीट बसून जाऊ द्यावं, मग उठू द्यावं, पुन्हा बसवावं. बैठकीची लांबी वर्षागणिक वाढते, एका शिबिरात वाढत नाही.

माझ्या मते या वयात सर्वात मोलाची गोष्ट म्हणजे एका पायावरचा तोल. स्केटिंगमधला बराचसा वेळ माणूस एकाच पायावर असतो. तो पाय स्थिर असेल तरच दुसऱ्याला उचलून, आत आणून, पुन्हा ठेवायला सवड मिळते. तोल नसलेलं मूल पाय घाईघाईने टाकतं. पाय भराभर हलतात, आवाज खूप होतो, अंतर मात्र कमी कापलं जातं.

हे तपासायला उपकरण लागत नाही. मूल सावकाश जात असताना त्याच्या बरोबर मागे उभे राहा आणि फक्त घोटा व चाकं यांच्याकडे बघा. एका पायावर आल्यावर चाकं उभी राहतात का, की घोटा आत कलतो आणि चाकांची आतली कड घासत राहते? बहुतेक मुलांचा घोटा सुरुवातीला आत पडतो. तो पडलेला असताना पाय टेकला, की टेकल्याबरोबर रेटा सुरू होतो. घसरत जाण्याचा भाग उरतच नाही. चांगले सर मुलांना पाय टेकताना चाक किंचित बाहेरच्या कडेवर ठेवायला शिकवतात. तिथून ते सरळ होतं, मग आत कलतं, आणि तेव्हा कुठे ढकलायचं. हा एवढासा प्रवास अंगवळणी पडायला कित्येक महिने जातात. त्या महिन्यांत घड्याळात काहीच सुधारणा दिसत नाही, आणि आईबाबांचा धीर सुटतो तो इथेच.

घोटा आत पडण्यामागे पुष्कळदा पायाचा नव्हे, बुटाचा दोष असतो. स्केट्स महाग, पाय भराभर वाढतात, म्हणून ‘दोन वर्षं जातील’ या हिशोबाने मोठ्या मापाचे बूट घेतले जातात आणि आत दोन-दोन मोजे चढवले जातात. पाय आत सरकतो, टाच उचलली जाते, आणि मुलाच्या घोट्याने दिलेली सूचना चाकापर्यंत पोचतच नाही. जुने पण मापाचे बूट नव्या पण मोठ्या बुटांपेक्षा केव्हाही बरे. चाकांचंही तसंच. मोठ्या खेळाडूंच्या पायात ११० किंवा १२५ मिलिमीटरची चाकं दिसतात म्हणून तीच लहान मुलाला घालणं म्हणजे त्याला जमिनीपासून आणखी उंच आणि आणखी डळमळीत करणं. मोठं चाक वेग धरून ठेवतं हे खरं. पण आधी वेग निर्माण तर व्हायला हवा. ९० किंवा १०० मिलिमीटरवर तोल नीट शिकलेलं मूल मोठ्या चाकांवर लवकर रुळतं.

वळण हा वेगळाच धडा आहे. शर्यत नेहमी घड्याळाच्या उलट दिशेने होते, म्हणजे प्रत्येक वळण डावीकडचं. वळणावर उजवा पाय डाव्यावरून ओलांडून पुढे येतो, तो क्रॉसओव्हर. मुलांना वाटतं की उजवा पाय ओलांडला म्हणजे काम झालं. प्रत्यक्षात त्याच क्षणी डावा पाय शरीराखालून उजवीकडे रेटायचा असतो, आणि वळणावरचा निम्मा जोर त्यातून येतो. बहुतेक लहान मुलं डाव्या पायाने रेटत नाहीत, नुसता तो उचलून पुढे ठेवतात. वळणावर एखादं मूल मागे पडतंय असं दिसलं, तर नव्वद टक्के वेळा कारण तिथे सापडतं (हा आकडा संशोधनातला नव्हे, बोलण्याच्या ओघातला). आणि सतत एकाच बाजूला वळून शरीर एकांगी होऊ नये, म्हणून सरावात अधूनमधून उलट दिशेनेही फिरवावं.

आता एक गोष्ट सांगतो, जी मला या सगळ्या विषयातली सर्वात बोलकी वाटते. जुन्या बर्फाच्या स्केट्समध्ये पातं बुटाला पुढे-मागे घट्ट बसवलेलं असायचं. त्यामुळे रेट्याच्या शेवटी घोटा सरळ करून पंजाने ढकलायला गेलं, की पात्याचं टोक बर्फात रुतायचं. म्हणून खेळाडूंना घोटा दाबून ठेवायला शिकवलं जाई. ॲमस्टरडॅमच्या फ्रायय विद्यापीठातले हेरिट यान फान इंगेन स्खेनाऊ आणि त्यांचे सहकारी यांनी वेगळा विचार केला. पातं फक्त पंजाखाली बिजागरीने जोडायचं, टाच मोकळी सोडायची. टाच उचलली तरी पातं बर्फावर सपाट राहतं आणि रेटा शेवटपर्यंत मिळतो. पाय उचलला की स्प्रिंगने पातं ‘टक्’ करून परत टाचेला लागतं. हा क्लॅप स्केट.

नामांकित खेळाडूंनी तो बरीच वर्षं घेतला नाही. जिंकत असलेल्या माणसाला आपलं तंत्र मोडून नवं शिकायची गरज का वाटावी? मग १९९४-९५ च्या हंगामात नेदरलँड्सच्या दक्षिण हॉलंड प्रांतातल्या ११ ज्युनियर स्केटर्सनी तो घातला. हंगामाच्या शेवटी त्यांची कामगिरी सरासरी ६.२ टक्क्यांनी सुधारली होती. जुने स्केट्स वापरणाऱ्या ज्युनियर मुलांची २.५ टक्क्यांनी. सेकंदाच्या शंभराव्या भागावर पदक ठरणाऱ्या खेळात हा फरक प्रचंड आहे. पुढच्या दोन हंगामांत डच महिलांनी क्लॅप स्केट घेतला. १९९७ मध्ये टोनी डी योंगने त्यावर युरोपियन अजिंक्यपद मिळवलं, आणि १९९८ च्या नागानो ऑलिम्पिकपर्यंत जवळजवळ सगळं जग त्याच स्केट्सवर आलं होतं.

यात बिजागरीइतकंच महत्त्व त्या अकरा पोरांच्या वयाला आहे. त्यांच्या सवयी अजून घट्ट झालेल्या नव्हत्या, आणि जपायला मोठी कीर्तीही नव्हती. कोवळ्या वयात शरीर तंत्र बदलायला तयार असतं. म्हणूनच हे वय तंत्रासाठी राखायचं. दहा वर्षांच्या मुलाकडून दमछाक करणारे लॅप काढून घेतले, तर त्याचा फायदा तसाही थोडाच, कारण वयात येण्याआधी शरीराची ऑक्सिजनविना जोर लावण्याची यंत्रणा पुरती तयार झालेली नसते. पाच-सात सेकंदांची जोरदार धाव, भरपूर विश्रांती, पकडापकडीचे खेळ, अडथळ्यांमधून नागमोडी जाणं, हे त्या वयाला मानवतं.

पण पदकांचं काय? इथे जरा कटू बोलावं लागेल. बारा वर्षांखालच्या गटात कोण जिंकतं, यात कौशल्याइतकाच हात वाढीचा असतो. मुलींची उंची साधारण बाराव्या वर्षाच्या सुमारास आणि मुलांची चौदाव्याच्या सुमारास सर्वात वेगाने वाढते; वर्षाला आठ-नऊ सेंटीमीटरसुद्धा. ज्याची वाढ दीड वर्ष आधी सुरू झाली, तो समवयस्कांमध्ये दांडगा असतो आणि सहज जिंकतो. गटाची तारीख १ जानेवारी धरली, तर जानेवारीत जन्मलेलं मूल डिसेंबरमधल्यापेक्षा जवळपास वर्षभराने मोठं, आणि दोघं एकाच रेषेवर उभी. मोठं मूल जिंकतं, त्याला जास्त शाबासकी, सरांचं जास्त लक्ष, जिल्ह्याच्या संघात जागा. डिसेंबरवालं कंटाळून क्रिकेटकडे वळतं. सोळाव्या-सतराव्या वर्षी वाढीतला फरक मिटतो, तेव्हा नुसत्या अंगबळावर जिंकलेल्या मुलाकडे तंत्र नसतं आणि तंत्र असलेलं मूल रिंकवर नसतं.

शिवाय ऐन वाढीच्या काळात चांगलं स्केटिंग करणारं मूलही अचानक बिघडतं. पाय लांब होतात, शरीराचा तोल वर सरकतो, स्नायू मागे राहतात. काल जमणारं वळण आज जमत नाही, गुडघ्याखाली दुखायला लागतं. एखादा हंगाम वेळ सुधारतच नाही. याला आळस समजून सराव दुप्पट करणारे पालक आणि सर दोघंही मी पाहिले आहेत. खरं तर तेव्हा भार कमी करून तोलाचे साधे व्यायाम पुन्हा पहिल्यापासून घ्यायचे असतात. दर तीन महिन्यांनी दाराच्या चौकटीवर उंचीची खूण केली, तर ही वेळ केव्हा आली ते घरबसल्या कळतं.

नॉर्वेने यावर नियमच केला आहे. हिवाळी खेळांत त्यांची सत्ता, स्पीड स्केटर योहान ओलाव कोसने १९९४ मध्ये लिलेहामर ऑलिम्पिकला जागतिक विक्रमांसह तीन सुवर्णं जिंकली ती याच देशासाठी. पण तिथल्या क्रीडा महासंघाच्या नियमांनुसार कुठल्याही खेळात अकरा वर्षांच्या आधी मुलांची क्रमवारी लावायची नाही, आणि तेराच्या आधी राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा नाही. आपल्याकडे सहा वर्षांखालच्या मुलांचे ‘राष्ट्रीय’ विजेते फ्लेक्सवर झळकतात. दोन्हींतलं कुठलं बरं, हे नॉर्वेच्या पदकतालिकेकडे बघून ज्याचं त्याने ठरवावं.

शर्यतीतली अक्कल हीसुद्धा शिकायची गोष्ट आहे, आणि ती सावकाश येते. डच संशोधकांनी शंभरेक मुलग्यांच्या १५०० मीटरच्या वेळा तेराव्या वर्षापासून एकोणिसाव्यापर्यंत तपासल्या. लहानपणी मुलं सुरुवातीलाच सगळा जोर ओततात आणि मग ढेपाळतात. वय वाढतं तशी सुरुवात तुलनेने शांत होते आणि मधला भाग वेगवान. पुढे अव्वल ठरलेली मुलं वेगळी उठून दिसली ती याच मधल्या टप्प्यात, ७०० ते ११०० मीटरच्या दरम्यान. हे व्याख्यानाने येत नाही. ‘प्रत्येक लॅप एकाच वेळेत काढून दाखव’ असा खेळ लावला की मुलांना गंमत वाटते, आणि आपल्या दमाचा अंदाज आपोआप यायला लागतो.

आता सोबत. नेदरलँड्सने २०१४ च्या सोची ऑलिम्पिकमध्ये लाँग ट्रॅक, म्हणजे ४०० मीटरच्या लॅपच्या, स्पीड स्केटिंगमधल्या ३६ पदकांपैकी २३ जिंकली. लोकसंख्या महाराष्ट्राच्या सहाव्या हिश्श्याहूनही कमी. गोठलेल्या कालव्यांचं कौतुक पुष्कळ होतं, पण हल्ली तिथे पाणी धड गोठत नाही. अकरा गावांची जवळपास २०० किलोमीटरची प्रसिद्ध शर्यत १९९७ नंतर झालेलीच नाही. टिकून आहे ते क्लबांचं जाळं आणि ४०० मीटरचे कृत्रिम रिंक, एका छोट्या देशात डझनाहून जास्त. हेरेनव्हेनच्या थियाल्फ रिंकमध्ये जागतिक विजेते सराव करतात आणि त्याच बर्फावर क्लबची मुलंही उतरतात. चांगलं स्केटिंग कसं दिसतं, त्याचा आवाज कसा येतो, हे त्या मुलांना कुणी वेगळं शिकवत नाही.

ओकालात तेच छोट्या प्रमाणावर झालं. आपल्यापेक्षा थोडं पुढे असलेलं कुणीतरी रोज डोळ्यांसमोर होतं. आधी मँटिया आणि बो बर्फाकडे गेले, मग एरिन गेली. २०१८ च्या ऑलिम्पिकसाठी ती निवडली गेली, तेव्हा बर्फावरचा तिचा सराव जेमतेम चार महिन्यांचा होता. बाकीची सगळी तयारी चाकांवरची. २०२२ च्या निवड चाचणीत तिचा पाय घसरला आणि ५०० मीटरमधली जागा गेली. तेव्हा ब्रिटनी बोने स्वतःची जागा तिला दिली. पुढे अमेरिकेला आणखी एक जागा मिळाली आणि बोही त्या शर्यतीत धावली, पण जागा सोडताना तिला हे ठाऊक नव्हतं.

स्केट्स काढल्यावरचा वेळही कामाचा असतो. सायकलिंग आणि स्केटिंग यांचे स्नायू जवळजवळ एकच. १९८० च्या लेक प्लॅसिड ऑलिम्पिकमध्ये पाच सुवर्णं जिंकणारा एरिक हायडन पुढे टूर द फ्रान्समध्ये उतरला, आणि पूर्व जर्मनीच्या क्रिस्टा रोथेनबुर्गरने १९८८ या एकाच वर्षात हिवाळी ऑलिम्पिकला स्केटिंगचं सुवर्ण आणि उन्हाळी ऑलिम्पिकला सायकलिंगचं रौप्य मिळवलं. झोपेबद्दल एवढंच, की सहा ते बारा वर्षांच्या मुलाला नऊ ते बारा तास झोप लागते. पहाटे साडेचारला उठवायचं असेल, तर रात्रीच्या मालिकेचं काय करायचं ते आईबाबांनी बघावं.

चाकांवरून जगज्जेता होता येतं हे आता भारतातही सिद्ध झालं आहे. चेन्नईचा आनंदकुमार वेलकुमार २०२१ मध्ये ज्युनियर जागतिक स्पर्धेत रौप्यविजेता होता. हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत ३००० मीटर रिलेचं कांस्य जिंकणाऱ्या संघात तो होता. सोबत आर्यनपाल घुमान, सिद्धांत कांबळे आणि विक्रम इंगळे. २०२५ मध्ये चीनमधल्या बैदाइहे इथे त्याने १००० मीटर स्प्रिंटचं जागतिक सुवर्ण आणलं.

इथून पुढे बर्फाकडे जायचं म्हटलं तर वाट अरुंद आहे. बैठक, बाजूचा रेटा, क्रॉसओव्हर, घोळक्यात न घाबरता शिरण्याची हिंमत, हे चाकांवरून बर्फावर जसंच्या तसं जातं. जे जात नाही ते म्हणजे मिलिमीटरभर रुंदीच्या पात्याची जाणीव, आणि ती बर्फावरच येते. लेह आणि देहरादूनला रिंक आहेत, पण तिथे होतं ते शॉर्ट ट्रॅक, १११.१२ मीटरच्या लॅपचं. लाँग ट्रॅकसाठी लागणारा ४०० मीटरचा कृत्रिम बर्फाचा ओव्हल, म्हणजे लंबगोल रिंक, देशात नाही. गुजरातच्या विश्वराज जडेजाला त्यासाठी नेदरलँड्स गाठावं लागलं. त्यामुळे मुलाला बर्फाची ओढ असेल, तर दहाव्या वर्षी परदेशी शिबिराचे पैसे भरण्याची घाई नको. चौदा-पंधरापर्यंत चाकांवरचा डावा पाय पक्का होऊ द्यावा आणि मग सुटीत एकदा देहरादूनच्या रिंकवर नेऊन आणावं.